'स्वखुशीने निवेदन केले' – पंच म्हणून सही केली होती, आता साक्षीला जायचंय

जुना_कारकून · रविवार, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि भटकंतीच्या धाग्यांवरच असतो, त्यामुळे विषय पाहून दचकू नका.

मी सरकारी कार्यालयात कारकून होतो, गेल्या वर्षी निवृत्त झालो. ६ वर्षांपूर्वी एका संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. पोलीस ठाण्याचं पत्र आलंय, दोन पंच द्यायचेत, तुम्ही आणि शिपाई जा. सरकारी नोकराला अशा वेळी नाही म्हणता येत नाही. गेलो.

एक मुलगा, असेल २२-२३ वर्षांचा, बाकावर बसवला होता. फौजदारांनी आमची नावं-पत्ते घेतले आणि त्याला म्हणाले, "सांग पंचांना." त्यानं तीन वाक्यं सांगितली. हत्यार अमक्या ठिकाणी ठेवलंय, काढून देतो, चला. लिहून झालं, आम्ही सह्या केल्या. जीपमधून गेलो. अंधार पडला होता, तरी तो न चाचपडता उसात शिरला आणि वस्तू काढून दिली. तिथं दुसरा पंचनामा, परत सह्या. साडेनऊला घरी. बायकोनं विचारलं तर म्हटलं, काही नाही, सरकारी काम.

आता समन्स आलंय. सरकारी वकिलांच्या ऑफिसात पंचनामा वाचायला दिला. त्यात वाक्य आहे, "सदर आरोपीने आम्हां पंचांसमक्ष, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वखुशीने निवेदन केले की..." आणि खाली माझी सही. चांगली वळणदार.

माझ्यासमोर त्याला कुणी हात लावला नाही, शिवीसुद्धा दिली नाही. उलट हवालदारांनी पाणी दिलं. पण तो तांब्या त्यानं एका दमात रिकामा केला. सही करताना पेन दोनदा बोटांतून निसटलं. शेवटी अंगठा घेतला, तोही मनगट धरून. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. वाक्य वाचल्यापासून मात्र रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असतो.

'स्वखुशीने' म्हणजे कायद्यात नेमकं काय? आणि ते मी कुठल्या तोंडानं सांगायचं?

शेंगदाणा_चटणी · रविवार, रात्री १०:०५

काका, अळूवडीच्या धाग्यावरचे तुम्हीच ना? धक्काच बसला. वाचतेय.

ढेकूळ · रविवार, रात्री १०:११

जंगलात हरवलेला ससा शोधायची स्पर्धा. आपले पोलीस तासाभरानं अस्वल घेऊन येतात आणि अस्वल ओरडत असतं, "मी ससा आहे, माझा बाप पण ससा होता."

मिरजमळा · रविवार, रात्री १०:१३

ढेकूळराव, हा विनोद या संस्थळावर दर पोलीस-धाग्यावर येतो. सशालाही आता पेन्शन लागू झाली असेल.

वकीलीणबाई · रविवार, रात्री ११:३०

काका, सगळ्यात आधी: खटला चालू आहे. गावाचं नाव, वस्तू, तारीख, काही लिहू नका. लिहिलं असेल तर संपादन करून काढा.

आता उत्तर. तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत, त्या सोडवून सांगते.

पोलिसांसमोर दिलेली गुन्ह्याची कबुली पुरावा म्हणून चालतच नाही. मार खाऊन दिलेली असो की चहा पिऊन. १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम २५ तेच सांगतं. कलम २६ म्हणतं, पोलीस कोठडीत असताना दुसऱ्या कुणाला दिलेली कबुलीही नको, समोर मॅजिस्ट्रेट असल्याशिवाय. कलम २४ मात्र सगळ्यांना लागू. धमकी, आमिष किंवा वचन देऊन अधिकारातल्या माणसानं काढलेली कबुली बाद. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात ही कलमं २२ आणि २३मध्ये गेली. तुमचा खटला त्याआधीचा असेल तर जुनाच कायदा लागू.

मग पंचनामा कशाला? तर कलम २७ नावाची फट आहे. कोठडीतल्या आरोपीनं सांगितल्यामुळे एखादी गोष्ट सापडली, तर त्या सांगण्यातला *तेवढाच* भाग कोर्टात चालतो. १९४६मध्ये प्रिव्ही कौन्सिलसमोर (तेव्हाचं लंडनमधलं शेवटचं अपील कोर्ट) पुलुकुरी कोट्टाया खटला होता. आरोपी म्हणाला, आम्ही दबा धरून बसलो, त्यांना मारलं, भाला गंजीत लपवला, चला दाखवतो. कोर्टानं 'लपवला, दाखवतो' ठेवलं आणि 'मारलं' पुसलं. आजही तपासी अंमलदार पाठ केल्यासारखं 'काढून देतो' लिहितात ते त्यामुळे.

आणि 'स्वखुशीने' हा शब्द येतो राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३)साठी. कुणालाही स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायची सक्ती नाही. १९६१मध्ये काठी कालू ओघड खटल्यात (मुंबई राज्यच त्यात पक्षकार होतं) ११ न्यायमूर्तींनी सांगितलं की सक्ती नसेल तर कलम २७ ठीक, सक्ती असेल तर नाही. तो शब्द त्या जागी का बसवतात कळलं ना? माणसाचं तोंड उघडायच्या आधी तो लिहिलेला असतो.

तुम्ही जे पाहिलं ते सांगा. जे पाहिलं नाही ते 'पाहिलं नाही' म्हणून सांगा. कमी नाही, जास्त नाही.

ढेकूळ · रविवार, रात्री ११:४१

आमिष, वचन वगैरे असेल तर कबुली बाद? म्हणजे "खरं सांग, मी अजिबात मारणार नाही" म्हणून आईनं माझ्याकडून लाडवांबद्दल घेतलेला कबुलीजबाब घटनाबाह्य होता. आणि मारलंही.

वकीलीणबाई · रविवार, रात्री ११:४४

कलम २४च्या वर्गात मी हेच उदाहरण देते! फक्त आई 'अधिकारातली व्यक्ती' की नाही यावर मुलं तासभर भांडतात.

निवृत्त_खाकी · सोमवार, सकाळी ६:२०

मी ३४ वर्षं खात्यात काढली, शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. पोलीस म्हटलं की अस्वलाचा विनोद येणार, हे आता अंगवळणी पडलंय.

कारकूनसाहेब, मुलगा अंधारात सरळ जागेवर गेला, वस्तू काढली. त्यानं ठेवली नसेल तर त्याला ठाऊक कशी? बाकी पेन निसटलं, पाणी प्यायला, हे घाबरलेल्या कुठल्याही माणसाचं होतं. मी माझ्या पहिल्या साक्षीला कोर्टाच्या माठातलं चार ग्लास पाणी प्यायलो होतो, मला कुणी मारलं होतं?

कोर्टात पंच फुटला की चार वर्षांची मेहनत मातीत जाते. मयताचे नातेवाईक बाहेर उभे असतात, त्यांच्या डोळ्यांत तुम्हाला बघावं लागत नाही, आम्हाला लागतं. 'माझ्यासमोर काही झालं नाही' एवढं सांगा आणि घरी या.

पालावरची_शाळा · सोमवार, सकाळी ९:०२

खाकीकाका, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून लिहिते. मी १२ वर्षं पारधी मुलांच्या शाळेत शिकवते. तालुक्यात घरफोडी झाली की पहिली गाडी पालावर येते. आमच्या एका मुलाचा बाप चौथ्या दिवशी परत आला तेव्हा मी त्याला विचारलं, केलं नव्हतंस तर हो का म्हणालास? तो म्हणाला, "बाई, हो म्हटल्यावर थांबलं."

त्याला कोर्टाचं पुढचं काही दिसत नव्हतं. समोरची पाच मिनिटं दिसत होती. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट केली, १९५२मध्ये कायदा गेला. कुंपण काढलं म्हणतात. माझ्या वर्गातली मुलं खाकी रंगाची बसकंडक्टरची पँट बघूनसुद्धा बाकाखाली जातात.

मिरजमळा · सोमवार, सकाळी ९:४०

काही लिहायला सुचत नाही. ("हो म्हटल्यावर थांबलं".) सांगलीत २०१७मध्ये काय झालं ते आम्ही जवळून पाहिलंय. चोरीच्या संशयावरून आणलेला तरुण कोठडीत गेला, आणि प्रेत आंबोलीला नेऊन जाळलं. तिथं तर कबुलीपर्यंतही गोष्ट पोचली नाही.

आयटीवाला_पुणेकर · सोमवार, सकाळी १०:१५

एक अज्ञ प्रश्न. कोठडी वाढवायला कोर्टात नेतात तेव्हा न्यायाधीश विचारतात ना, "पोलिसांविषयी काही तक्रार?" तेव्हा सांगायचं. तेव्हा 'नाही' म्हणायचं आणि नंतर वकील भेटला की 'मारलं' म्हणायचं, हे काय?

पालावरची_शाळा · सोमवार, सकाळी १०:२२

संध्याकाळी परत त्याच खोलीत जायचं असतं, दादा.

वकीलीणबाई · सोमवार, दुपारी १:५०

याच कारणासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६४ आहे (नव्या संहितेत १८३). आरोपीला कबुली द्यायचीच असेल तर मॅजिस्ट्रेटसमोर. खोलीत पोलीस नाही, दारातही नाही. मॅजिस्ट्रेट सांगतात, तुम्ही बोलायला बांधील नाही, बोललात तर ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल. विचार करायला साधारण २४ तास द्यावेत असं सुप्रीम कोर्टानं १९५७मध्ये सरवणसिंग खटल्यात म्हटलंय. आणि कायद्यातलं माझं सगळ्यात लाडकं वाक्य: माणूस मॅजिस्ट्रेटसमोर येऊन 'नाही, मला बोलायचं नाही' म्हणाला, तर त्याला परत पोलीस कोठडीत पाठवता येत नाही. कुणीतरी कधीतरी त्या संध्याकाळचा विचार करून ते लिहिलंय.

मारहाण तपासायला डी. के. बसू निकालाने (१९९६) दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी सांगितली. कागद असतो. बहुतेक वेळा एका ओळीचा.

निवृत्त_खाकी · सोमवार, दुपारी ३:१५

बाई, ते २४ तास, ४८ तास सगळं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं. ठाण्यात किती माणसं होती ते कुणी विचारत नाही. ५० गावं, बंदोबस्त, व्हीआयपी, गणपती, ऊस आंदोलन. ठसेवाला जिल्ह्याहून येणार, तोवर अर्धं गाव घरात फिरून गेलेलं. वर साहेबांचा दर तासाला फोन, डिटेक्ट झालं का? साहेबांना त्यांच्या साहेबांचा. पेपरवाले दारात. पोलीस कोठडी मिळाली सात दिवसांची, त्यात पुरावा आणा.

लोकांना वाटतं आम्ही चिडून मारतो. चिडून मारणारे थोडे. बाकीचे वेळ नाही म्हणून मारतात. हे मी बरोबर म्हणून सांगत नाही, आहे ते सांगतोय.

बखरबहाद्दर · सोमवार, दुपारी ४:३०

खाकीसाहेब, तुमचं हे वाक्य दीडशे वर्षं जुनं आहे. पुरावा कायद्याचा मसुदा करणारा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. त्याला हिंदुस्थानातल्या एका अनुभवी अंमलदारानं सांगितलेलं त्यानं पुढे लिहून ठेवलं. आशय असा की उन्हातान्हात पुरावे शोधत भटकण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणं जास्त सुखाचं. मद्रास इलाख्यात तर छळाची चौकशी करायला सरकारनं आयोगच नेमला, त्याचा अहवाल १८५५चा. मग १८६१च्या फौजदारी संहितेत पोलिसांसमोरची कबुली बाद झाली, तिथून ती तरतूद १८७२च्या पुरावा कायद्यात आली. गोऱ्या साहेबालाही आपल्या पोलिसावर भरवसा नव्हता, आणि स्वराज्य आल्यावर आपण ते कलम तसंच ठेवलं. यातच काय ते आलं.

अवांतर: तिखट कुठलं, हे त्यानं लिहिलेलं नाही.

ढेकूळ · सोमवार, दुपारी ४:३४

गुंटूर. मद्रास इलाखा होता ना.

लीड्सकर_मावशी · सोमवार, रात्री ११:१०

मी इकडे इंग्लंडात अधूनमधून पोलिसांसाठी दुभाषी म्हणून जाते. गुजराती, हिंदी, क्वचित मराठी. इथं १९८४च्या कायद्यानंतर चौकशी ध्वनिमुद्रित होते, वकील शेजारी बसतो, फुकट मिळतो. कबुली छळानं घेतलेली नाही हे सरकार पक्षाला निःसंशय सिद्ध करावं लागतं. हे शहाणपण सुखासुखी आलेलं नाही. १९७४च्या बर्मिंगहॅम बॉम्बस्फोटांत सहा जण आत गेले, त्यातल्या चौघांच्या कबुल्या होत्या, १९९१मध्ये निर्दोष म्हणून सुटले.

माझी अडचण निराळी. सुरुवातीला जी ताकीद देतात तिचा आशय असा की तुम्ही काही बोलायला बांधील नाही, पण आत्ता विचारल्यावर सांगितलं नाही ते पुढे कोर्टात सांगितलंत तर तुमच्या बचावाला बाध येऊ शकतो. 'बोलू नका चालेल, पण न बोललात तर बघा' हे मराठीत धमकी न वाटता कसं सांगायचं, १५ वर्षांत मला जमलेलं नाही. एक आजोबा मला म्हणाले, "मावशी, हे सोडतायत का धरतायत?"

टोकियोतला_तात्या · मंगळवार, सकाळी ७:४५

जपानात हात न लावताही होतं. इथं आरोपपत्राआधी २३ दिवस ठेवता येतं, चौकशीच्या खोलीत वकील नाही. हाकामादा इवाओ, मिसो कारखान्यातला कामगार, पूर्वी मुष्टियोद्धा. १९६६मध्ये मालकाच्या कुटुंबातल्या चौघांच्या खुनासाठी धरला. दिवसदिवसभर चौकशी, साधारण २० दिवसांनी कबुली. पोलिसांनी आणि सरकारी वकिलांनी मिळून ४५ जबाब लिहून घेतले. १९६८मध्ये कोर्टानं त्यातले ४४ बाद केले आणि *एक* ठेवला. फाशी. सप्टेंबर २०२४मध्ये निर्दोष सुटला, वयाच्या ८८व्या वर्षी. मी त्या दिवशी टीव्हीवर त्याची बहीण पाहिली, ती नव्वदीपुढची. ५८ वर्षं लढली.

४५मधला एक कसा निवडला असेल, हे मी तेव्हापासून डोक्यातून काढू शकलेलो नाही.

आयटीवाला_पुणेकर · मंगळवार, सकाळी १०:०२

पण संघटित गुन्हे, दहशतवाद यांत तरी पोलिसांसमोरची कबुली चालायला हवी. साक्षीदार येणार कुठून? कोण बोलेल?

वकीलीणबाई · मंगळवार, दुपारी २:१०

चालते की. टाडात (जुन्या दहशतवादविरोधी कायद्यात) चालत होती, १९९४मध्ये कर्तारसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं ती तरतूद टिकवली. आपला मोक्का, म्हणजे महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, १९९९चा, कलम १८. अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यानं नोंदवलेली कबुली पुरावा होते. कल्पना अशी की मोठा अधिकारी खोटं करणार नाही.

११ जुलै २००६. मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट, १८०हून अधिक माणसं गेली. २०१५मध्ये विशेष कोर्टानं १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ला उच्च न्यायालयानं सगळ्यांना सोडलं. कबुल्यांवर विश्वास ठेवला नाही, त्यातले काही भाग एकसारखे आढळले, छळाच्या तक्रारीत तथ्य वाटलं. सुप्रीम कोर्टानं तीन दिवसांनी तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडलं नाही. अपील बाकी आहे, त्यामुळे जास्त लिहीत नाही.

विरारलोकल · मंगळवार, दुपारी २:५५

त्या संध्याकाळी मी त्याच मार्गावर होतो, दोन गाड्या मागे. शेजारच्या बिल्डिंगमधले एक काका गेले. १९ वर्षांनी त्यांच्या मुलाला मी निकाल सांगितला, तर तो म्हणाला, "मग केलं कुणी?" मला इथल्या कलमांपेक्षा त्याचं उत्तर हवंय. खोट्या कबुलीनं निरपराध माणूस आत जातो हे खरंच. खरा माणूस बाहेर राहतो, हे पण कुणीतरी लिहा.

पालावरची_शाळा · मंगळवार, दुपारी ३:०१

+१. विरारलोकल, नमस्कार तुम्हाला.

कोथरूडचा_सीए · मंगळवार, सायं. ६:२०

अवांतर पण महत्त्वाचं. ईडीसमोर दिलेला जबाब चालतो! पीएमएलए (मनी लॉन्डरिंगविरोधी कायदा) कलम ५०, सही घेतात, खोटं बोललात तर शिक्षा. २०२२च्या विजय मदनलाल निकालानुसार ईडीवाले 'पोलीस' नाहीत. आणि २०२०मध्ये तोफानसिंग निकालात अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्यांना मात्र पोलीस धरलं. एकाच खुर्चीत बसलेला माणूस, समोरच्याच्या ओळखपत्रावर ठरतं की त्याचं बोलणं कागद की रद्दी.

संपादक_मंडळ · मंगळवार, सायं. ७:००

ईडीवर राजकीय चर्चा सुरू होण्याच्या आत सांगतो: नवा धागा काढा. त्याखालचे चार प्रतिसाद उडवले आहेत.

उसाचा_फड · बुधवार, पहाटे ५:४०

राम राम. पाळीचं पाणी रात्रीचं असतं, म्हणून या वेळेला लिहितोय. कायद्यातलं कळत नाही, उसातलं कळतं.

कारकूनदादा, तुम्ही म्हणता पोरगं अंधारात न चाचपडता आत गेलं. मी ३० वर्षं ऊस लावतो. डोक्याएवढा झाला की रात्री बॅटरी असूनबी माझ्याच फडात मला माझी सरी घावत नाही, पाती तोंडावर मारतात. गुन्हा झाल्यावर किती दिवसांनी नेलं त्याला? उजेडात एकदा येऊन गेलेला माणूसच असा जातो. अन् त्या दिवशी रानाला पाणी दिलेलं होतं का?

जुना_कारकून · बुधवार, सकाळी ८:१५

दादा, तुम्ही पाण्याचं विचारलंत आणि मी चहाचा कप खाली ठेवला.

पाणी दिलेलं होतं. माझे बूट रुतले होते, घरी येऊन बायकोनं अंगणातच काढायला लावले, त्यावरून बोलणी खाल्ली, म्हणून पक्कं आठवतंय. काळ्या रानाचा चिखल.

आणि तो मुलगा ठाण्यात बाकावर बसला होता तेव्हा, म्हणजे आम्ही निघायच्या *आधी*, त्याचे पाय अनवाणी होते आणि घोट्यापर्यंत काळा चिखल वाळलेला होता. भेगा पडलेल्या चिखलाच्या. तो तीन दिवस कोठडीत होता असं पंचनाम्यातच लिहिलंय.

सहा वर्षं मला हे आठवलं नव्हतं. की आत्ता मीच मनानं जोडतोय? तेही कळेना.

शेंगदाणा_चटणी · बुधवार, सकाळी ८:२०

अंगावर काटा आला.

आयटीवाला_पुणेकर · बुधवार, सकाळी ९:३०

सावकाश. सहा वर्षांनी, धाग्यावर इतकं सगळं वाचून, बरोब्बर हवं तेच आठवलं? स्मृती अशीच फसवते. कोठडीच्या मागची मोरी तुंबलेली असेल.

निवृत्त_खाकी · बुधवार, दुपारी १२:५०

मी लिहिणार नव्हतो. लिहितो.

आधी जागा बघून यायची, मग पंच बोलवायचे. सर्रास. कारण पंचांना रात्री नेलं आणि वस्तू सापडली नाही तर त्या पंचनाम्याचं काय करायचं? पंच आणले आणि पंचाईत झाली, असं आम्ही म्हणायचो. म्हणून दुपारी एकदा जाऊन खात्री करायची. वस्तू तिथंच ठेवायची. संध्याकाळी पत्र पाठवून दोन सरकारी पंच.

यात पोरगा निर्दोष ठरत नाही हे लक्षात घ्या. दुपारीही त्यानंच दाखवलं असेल. किंवा नसेल. आम्हालाही सगळ्या केसमध्ये ठाऊक नसायचं, कारण आत कोण काय बोललं ते वेगळ्यांना माहीत आणि कागद वेगळ्यांनी लिहिलेला.

वकीलीणबाई · बुधवार, दुपारी १:३५

खाकीसाहेब, हे इथं लिहिल्याबद्दल आभार. खरंच.

काका, कायदा सांगते. पोलिसांना आधीच माहीत असलेली गोष्ट दुसऱ्यांदा 'सापडत' नाही. पंच यायच्या आधी जागा दाखवून झाली असेल, तर संध्याकाळचं निवेदन कलम २७खाली उभंच राहत नाही, मग ते कितीही स्वखुशीचं असो. २०२२मध्ये सुब्रमण्य विरुद्ध कर्नाटक निकालात सुप्रीम कोर्टानं तपासी अधिकाऱ्यांना पायऱ्या घालून दिल्या. आधी स्वतंत्र पंच, मग त्यांच्यासमोर आरोपीचं बोलणं, शक्यतो त्याच्याच शब्दांत. आता नव्या संहितेच्या कलम १०५मध्ये झडती-जप्तीचं चित्रीकरण आलंय. तुमच्या वेळी यातलं काही नव्हतं.

तुम्ही आरोपीच्या वकिलाला शोधायला जाऊ नका, सरकारी वकिलांना साफ सांगा. विचारलं तर उत्तर द्या. खात्री नसेल तिथं 'खात्री नाही' म्हणा, ते पण उत्तरच आहे. आणि कृपा करून हा धागा आता साक्ष होईपर्यंत बंद ठेवा.

संपादक_मंडळ · बुधवार, दुपारी २:००

वकीलीणबाईंच्या विनंतीवरून धागा तात्पुरता गोठवत आहोत.

जुना_कारकून · पाच आठवड्यांनंतर, शुक्रवार, रात्री ८:३०

संपादकांनी धागा उघडला, आभार. साक्ष झाली. निकाल लागलेला नाही, म्हणून बेतानं लिहितो.

सरकारी वकिलांना आधी सांगितलं होतं. ते म्हणाले, विचारलं तेवढंच बोला. सरतपासणीत, म्हणजे त्यांच्याच प्रश्नांत, विचारलं, आरोपीनं स्वखुशीनं निवेदन केलं का? मी म्हटलं, "माझ्यासमोर त्याला कुणी मारलं नाही, धमकावलं नाही. मी यायच्या आधीचं मला माहीत नाही." न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगताना नेमकं तेच सांगितलं, शब्द बदलला नाही. वाटलं, सुटलो.

उलटतपासणीत आरोपीच्या वकिलांनी विचारलं, "त्याची अवस्था कशी होती?" मग पाणी, पेन, अंगठा आणि पाय सगळं सांगितलं. पायांबद्दल म्हटलं की मला आठवतंय असं वाटतं, शपथेवर पूर्ण खात्री देता येणार नाही. सरकारी वकील उठले, पंचनाम्यात यातलं काही आहे का? नाही. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "मग सही का केलीत?"

बायकोला सांगायला केलेलं 'सरकारी काम' हे उत्तर तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हटलं, "वाचून केली नाही." ते टंकलं गेलं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरताना तो मुलगा दिसला. आता दाढी आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. बाहेर मयताच्या घरच्या एक बाई होत्या, त्यांनी बघितलं.

निवृत्त_खाकी · शुक्रवार, रात्री ९:०५

बघणारच. मी म्हटलं होतं.

पण सांगितलंत ते बरं केलंत, साहेब. झोप लागते का?

जुना_कारकून · शुक्रवार, रात्री ९:१२

आता त्या बाई दिसतात.

विरारलोकल · शुक्रवार, रात्री ९:३०

काका, त्यांना खरा माणूस मिळायला हवा. तो हाच असेल तर दुसऱ्या पुराव्यानं मिळू दे.

बावधनबुद्रुक · शनिवार, सकाळी ११:००

पूर्ण धागा वाचला नाही. पंचांना कोर्टात गेल्याचा प्रवासभत्ता मिळतो का? माझ्या मेहुण्याला समन्स आलंय.

जुना_कारकून · शनिवार, सकाळी ११:२०

मिळतो. बसभाडं आणि थोडा भत्ता, पावतीवर सही करून. मी ती पावती दोनदा वाचली, मागे रांग होती. कोर्टातला शिपाई म्हणाला, "काका, चष्मा विसरलात का?"